नऊ निळी नखं

चेहऱ्यावर फेसपॅक बसल्याशिवाय बाई इंजिनाबद्दल बोलायच्या नाहीत. गिऱ्हाईक खुर्चीत मागे रेललं, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या आल्या, गालावरचा लेप वाळून ताणायला लागला, की बाई स्टूल ओढून शेजारी बसायच्या आणि सुरू करायच्या. "तर ताई, आठ सिलिंडर म्हंजी काय, इकडं चार आन् तिकडं चार. मधून दोन्ही बाजूंना तिरके. हसू नका, पॅक फुटंल."

त्या काळात शिरूरच्या कितीतरी बायकांना, स्वतःची काही इच्छा नसताना, अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांची बरीच माहिती झाली होती. कुणी तक्रार केली नाही. फेसपॅक लावलेल्या माणसाला तक्रार करता येत नाही, हे बाईंनी फार आधी ओळखलं होतं.

मी त्यांची भाडेकरू. खाली पार्लर, मागे बाईंचं घर आणि वर माझी खोली. माझं गाव राहू. वडील तिथल्या एका गुऱ्हाळावर गुळव्या आहेत, म्हणजे काहिलीतला रस नेमका कधी उतरवायचा ते ठरवणारे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बीएस्सीला शिरूरला प्रवेश मिळाला आणि खोली शोधायला मी आणि वडील दोघं फिरलो. दोन घरांत आधी आडनाव विचारलं आणि मग त्यांना आठवलं की खोली कालच गेली. तिसरं घर बाईंचं. त्यांच्या दातांत थ्रेडिंगचा दोरा होता. तो तसाच धरून त्यांनी विचारलं, "झोपेत बोलतीस का?"

मी नाही म्हटलं.

"आन् जागेपणी?"

मी वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "जागेपणीबी न्हाई."

"मग राहा," बाई म्हणाल्या.

पहिल्या दिवशी मी त्यांना मावशी म्हणाले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "मावशी न्हाई. मावशी म्हटलं की लोक फुकटात आयब्रो मागत्यात. काकू म्हटलं की केस पांढरे दिसत्यात. बाई म्हण. शाळेतल्या बाईशी कुणी घासाघीस करतं का?" तेव्हापासून मी बाईच म्हणते. इथेही तेच लिहिते. त्यांचं नाव लिहिलं तर त्यांना आवडणार नाही असं नाही, पण मला ते तोंडात बसत नाही.

बाईंचे मिस्टर रांजणगावच्या एमआयडीसीत शिफ्टला जायचे. मी त्यांना जवळजवळ नेहमी झोपलेलंच पाहिलं. बाई त्यांच्याबद्दल म्हणायच्या, "माणूस लई चांगला. गाडीला नावं ठेवली न्हाईत कधी. जागाच नसतो."

गाडीला, म्हणजे छोट्या गाडीला. बाई प्लास्टिकच्या गाड्या बनवायच्या. एका डब्यात गाडीचे सुटे भाग येतात, प्लास्टिकच्या काड्यांच्या चौकटीत अडकलेले. ते सोडवायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी हुबेहूब गाडी तयार होते. पार्लरच्या आरशाखालच्या फळीवर ब्लीचच्या डब्या आणि मेंदीचे कोन यांच्यामध्ये अशा तीन गाड्या उभ्या होत्या. सगळ्या एकाच जातीच्या, लांब नाकाच्या आणि आखूड शेपटीच्या. मसल कार म्हणतात त्यांना. बाई पैलवान गाडी म्हणायच्या.

हे वेड दौंडचं. बाईंचे वडील रेल्वेत होते. बाईंचं लहानपण तिथल्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. शेजारी एक म्हातारे इंजिन ड्रायव्हर राहायचे. त्यांच्या भिंतीवर एक परदेशी कॅलेंडर होतं, कितीतरी वर्षांपूर्वीचं. त्यात अशी एक गाडी रिकाम्या रस्त्यावर उभी होती. "नुसती उभी होती," बाई सांगायच्या, "पण अशी उभी होती ना, की बघणाऱ्यालाच वाटावं, आपण बाजूला व्हावं. मला लहानपणी सगळे म्हणायचे, बाजूला हो, बाजूला हो. मी त्या गाडीकडं बघत बसायची."

पार्लरच्या कामात आणि या कामात बाई फरक मानत नव्हत्या. नखं घासायच्या पट्टीनं गाडीचे कोपरे घासायच्या. आयलायनरच्या ब्रशनं खिडक्यांच्या कडा रंगवायच्या. आरशाची टिकली गाडीचा हेडलाइट व्हायची. थ्रेडिंगचा दोरा काळा करून तो इंजिनावर वायर म्हणून ओढायच्या. गिअरच्या दांड्याला मोत्याच्या कुड्यांतला एक मोती. बांगड्यांच्या खोक्यातलं मखमल सीटला. नवरीच्या मेकअपसाठी त्यांच्याकडे एअरब्रश होता, पेनाएवढी फवारणीची बंदूक. जुनी बंदूक त्यांनी गाडीसाठी ठेवली होती आणि नवी नवरीसाठी. एकदा लग्नाच्या गडबडीत दोन्हींची अदलाबदल झाली. नवरीच्या कानामागे एक निळा ठिपका उमटला. आम्हाला तो दिसला तेव्हा होणारी सासू दारात उभी होती. तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "तीट लावली का? बरं केलंत. माझ्या लक्षातच आलं न्हवतं."

"आमच्या पॅकेजमधी असती," बाई म्हणाल्या.

एवढ्या रंगांत राहूनही बाईंची स्वतःची नखं कायम कोरी आणि अगदी बुडापर्यंत कापलेली. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "हलवाई कवा पेढे खाताना बघितलाय का?"

त्यांनी मला शिकवलेली एकच गोष्ट म्हणजे करंगळी टेकवणं. डोळ्याच्या कडेला रेघ ओढायची असो की गाडीच्या दरवाजाला, आधी करंगळी कुठंतरी टेकवायची. गालावर, टपावर, कुठंही. मग ब्रश उचलायचा. "हात सगळ्यांचाच थरथरतो," त्या म्हणायच्या. "हवेत ठेवला की थरथरणारच. टेकू दिला की गप होतो."

मी तेव्हा वर्गात कधी बोलायचे नाही. उत्तर माहीत असलं तरी हात वर जायचा नाही. बाईंना मी हे सांगितलं नव्हतं. पण माझे वडील एकदा गुळाची ढेप घेऊन आले होते, त्यांनी सांगितलं. बाईंनी त्यांना चहा दिला आणि अर्धवट झालेली गाडी दाखवली. वडिलांनी ती हातात घेतली नाही, खाली बसून खिडकीतून आत पाहिलं. "लई बारीक काम हाय," ते म्हणाले. "पर ताई, हिच्यात बसणार कोण?"

"तुमची लेक. पण तिला जरा तोंड उघडायला शिकवा. मुक्या ड्रायव्हरालाबी हॉर्न तर द्यावाच लागतो."

वडील हसले. मला लाज वाटली, पण राग आला नाही.

ती गाडी चौथी, आणि मला खरं तर तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

आधीच्या वर्षी बाई पुण्याला अशा छोट्या गाड्यांच्या प्रदर्शनाला गेल्या होत्या, एकट्याच. एका मोठ्या हॉलमध्ये मधोमध एक लांब टेबल, त्यावर पांढरी चादर आणि निवडक गाड्या. लोक आपापल्या गाड्या सकाळी घेऊन येतात. आयोजक त्या बघतात, प्रश्न विचारतात, आणि पसंत पडलेल्याच टेबलावर जातात. बाई टेबलापाशी उभ्या राहून वाकून बघत होत्या. त्यांना एवढंच विचारायचं होतं की या रंगाखाली प्रायमर कुठला मारलाय. तेवढ्यात गळ्यात कार्ड अडकवलेले एक गृहस्थ आले आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, लहान मुलांचा विभाग त्या बाजूला आहे."

बाईंनी ही गोष्ट मला बऱ्याचदा सांगितली. दर वेळी त्या गृहस्थांचा आवाज काढून, आणि आवाज काढताना दर वेळी तितक्याच सभ्यपणे. शिवी दिली असती तर बरं झालं असतं असं त्यांना वाटत असावं.

"मी गेले बी त्या बाजूला," त्या म्हणायच्या. "पोरं कागदाची विमानं करत व्हती. एक केलं मी पण."

मग परतीच्या गाडीत त्यांनी ठरवलं. "बक्षीस त्यांचं त्यांच्याकडं राहू दे. मला टेबल पाहिजे. त्या चादरीवर माझी गाडी उभी राहिली पाहिजे, आन् तिला बघून लोकांनी बाजूला व्हायला पाहिजे."

चौथ्या गाडीचा डबा एका गिऱ्हाइकाच्या भावानं अमेरिकेतून बॅगेत आणला होता. डब्यावर लाल गाडी होती, तिच्यावर पांढरे पट्टे. मी म्हटलं, लाल छान दिसेल. बाई म्हणाल्या, "डब्यावर हाय तशीच करायची तर डबाच ठेवू की फळीवर." त्यांनी ठरवलं होतं की ही गाडी शिरूरची करायची. इथल्या रस्त्यावर चालेल अशी.

पहिल्यांदा स्टिअरिंग. अमेरिकन गाडीचं डावीकडे असतं. बाईंनी डॅशबोर्ड कापला, उलटा केला, पुन्हा जोडला आणि स्टिअरिंग उजवीकडे आणलं. "डावीकडं बसून उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक कसं करणार? शेजारच्याला इचारत बसायचं का, येतंय का रं काही?" मग गाडी जमिनीपासून थोडी उचलली. "न्हाईतर पहिल्याच गतिरोधकाला पोट घासंल." मागच्या चाकांना जुन्या पर्सच्या रेक्झिनचे चिखलफ्लॅप लावले. पार्लरमध्ये आलेल्या एका बाईनं सुचवलं की पुढे एवढंसं लिंबू-मिरचीही लटकवा, नजर लागायची नाही. बाई म्हणाल्या, "लागू दे की. त्यासाठीच तर एवढी घासतीय."

रंग निळा करायचा हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. कुठला निळा, यावर मात्र महिना गेला. बाईंच्या फळीवर नेलपॉलिशचे पाच निळे होते. त्यांनी माझ्या डाव्या हाताच्या पाच बोटांना पाच निळे लावले आणि भर दुपारी मला आमच्या गल्लीतल्या विहारासमोर नेलं. विहारावर झेंडा होता. माझा हात त्यांनी झेंड्याच्या दिशेनं वर धरला आणि एक डोळा मिटून बघत राहिल्या. येणारे-जाणारे थांबले. कुणीतरी विचारलं, "काय वो, शपथ देताय का तिला?"

"गप बसा, रंग बघतीय," बाई म्हणाल्या.

मी भीतभीत म्हटलं, की बाई, हा झेंडा जयंतीला लावलेला आहे, आता फिका झालाय. नवा झेंडा आणून बघायचा का?

"नवा निळा दुकानात कुणालाबी मिळतो," त्या झेंड्याकडे बघत म्हणाल्या. "हा वर्षभर उन्हात उभा हाय. हाच पाहिजे."

माझ्या तर्जनीचा आणि अनामिकेचा निळा मिसळून, त्यात थेंबभर पांढरा घालून तो निळा झाला. दोन दिवस मी कॉलेजात पाच वेगवेगळ्या निळ्या नखांनी बसले. मैत्रिणीनं विचारलं, "हे काय नवीन?" मी म्हटलं, "गाडीचा रंग." तिनं पुढे काही विचारलं नाही.

गाडीचं काम दुपारी चालायचं. दोन ते चार पार्लर रिकामं असायचं. शटर अर्धं खाली, पंखा बंद, कारण पंख्यानं धूळ बसते. आम्ही दोघी घामाघूम. आधी राखाडी प्रायमर, मग निळ्याचे पातळ थर, एकावर एक. एक थर वाळेपर्यंत बाई हात मागे बांधून उभ्या राहायच्या, म्हणजे बोट लावायचा मोह होणार नाही.

प्रदर्शनाला आठवडा राहिला तेव्हा गाडी पूर्ण झाली. मी कॉलेजातून आले तर ती खिडकीशी उभी होती आणि बाई एका होणाऱ्या नवरीची नखं रंगवत होत्या. नवरीचा एक हात रंगवून झाला होता. कुठंतरी थोडा रंग बाहेर गेला, म्हणून बाईंनी रिमूव्हरमध्ये कापूस भिजवून तिच्या बोटाची कड पुसली. मग त्यांची नजर गाडीवर गेली. बॉनेटवर मधोमध निळ्याचा एक बारीकसा ओघळ राहिला होता. त्यांनी हात लांब केला आणि त्याच कापसानं, त्याच सराईतपणे, तो ओघळ पुसला.

तीस वर्षं तो हात तेच करत आला होता. रंग जास्त झाला की पुसायचा. पण नखावरून रिमूव्हर उडून जातो. प्लास्टिकवर तसं होत नाही. बॉनेट आधी पांढुरकं झालं, मग चिकट, मग कापसाचे तंतू त्यात रुतले, आणि बाईंनी कापूस ओढला तेव्हा बॉनेटचा मधला भाग सायीसारखा त्याच्याबरोबर निघाला. रुपयाएवढं भोक पडलं. त्यातून आतलं इंजिन दिसत होतं, दोऱ्याच्या वायरींसकट.

बाईंनी गाडी बाजूला सरकवली, नवरीचा दुसरा हात हातात घेतला आणि पाचही नखं रंगवली. एकही रेघ बाहेर गेली नाही. नवरी गेल्यावर त्यांनी शटर ओढलं, गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसल्या आणि आरशाकडे पाठ केली.

"नवा डबा मागवायचा?" मी विचारलं.

"आठवड्यात अमेरिकेहून कोण आणंल? तुझा बाप?"

मी कापसाला चिकटलेलं प्लास्टिक बघत होते. ते आता घट्ट झालं होतं, नखानं टोचलं तरी दबत नव्हतं. मला एक गोष्ट सुचली होती, पण ती चूक असेल असं वाटत होतं, म्हणून मी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

बाईंनी ते पाहिलं. "काय असंल ते बोल. आता याच्यापेक्षा वाईट काय व्हणार हाय?"

"बाई, ते जळलेलं नाही," मी म्हटलं. "विरघळलंय. रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असतं, त्यात हे प्लास्टिक विरघळतं. पण ॲसिटोन उडून गेलं की प्लास्टिक परत प्लास्टिकच राहतं. म्हणजे... गुळाचं कसं असतं, काहिलीत पातळ, आणि साच्यात ओतला की ढेप. आपल्याकडे त्या चौकटीच्या काड्या पडल्यात ना, त्या गाडीच्याच प्लास्टिकच्या आहेत. त्या रिमूव्हरमध्ये टाकल्या तर त्याची खीर होईल. ती भोकात भरली तर..."

बाई सावरून बसल्या. "हे तू कधीपास्नं जाणतीस?"

"आत्ताच सुचलं."

"मग गप का व्हतीस?"

"तुम्ही विचारलं नव्हतं."

"लोकांनी इचारायची वाट बघत बसलीस ना, तर इचारणारे बी म्हातारे व्हतील आन् तू बी," त्या म्हणाल्या आणि कचऱ्याच्या डब्यातून काड्या काढायला लागल्या.

खीर झाली. नेलपॉलिशच्या रिकाम्या बाटलीत एका दिवसात काड्या विरघळून दाट रबडी तयार झाली. बॉनेटला आतून चिकटपट्टी लावून आम्ही ती भोकात भरली. मग तीन-चार दिवस थांबणं आलं. बाईंना थांबणं सर्वांत अवघड. त्या दिवसांत ज्या बायका फेशियलला आल्या त्यांना त्यांनी ब्रेकपासून रेडिएटरपर्यंत सगळं सांगून टाकलं.

भरण घट्ट बसलं. बाईंनी ते घासून सपाट केलं. पण मध्ये एक खळगा राहिला, कारण प्लास्टिक वाळताना आखडतं. हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुन्हा भरावं तर पुन्हा तेवढेच दिवस, आणि प्रदर्शन परवावर. मी गाडी उजेडात फिरवून बघत होते. कुठूनही धरली तरी तो खळगा दिसायचाच.

बाई त्या वेळी कपाटातून काहीतरी काढत होत्या. नकली नखांचा एक संच होता, दहा नखं, प्लास्टिकची, अजून रंग न लावलेली. त्यातलं अंगठ्याचं नख त्यांनी चिमटीत धरलं. मग गाडीकडे पाहिलं. मग नखाकडे. मग ते नख उलटं न करता, टोक पुढे काढून, बॉनेटवरच्या खळग्यावर अलगद ठेवलं.

मी श्वास रोखला. पैलवान गाड्यांच्या बॉनेटवर पुष्कळदा एक उंचवटा असतो, स्कूप म्हणतात त्याला, पुढून उघडा, इंजिनाला हवा घेता यावी म्हणून. आमच्या डब्यातल्या गाडीला तो नव्हता आणि बाई पहिल्या दिवसापासून कुरकुरत होत्या की हिला नाकच नाही. आता होतं. अंगठ्याच्या नखाची ती गोलाई, पुढे किंचित उघडी, मागे निमुळती होत बॉनेटमध्ये मिसळणारी. जणू गाडी आधी घडवली आणि नख नंतर तिच्या मापानं केलं.

"बघ," बाई हळूच म्हणाल्या. "श्वास घ्यायला लागली."

मागचं टोक रिमूव्हरच्या एका थेंबानं मऊ करून त्यांनी नख बॉनेटला जोडलं, कडा घासल्या, प्रायमर मारला, आणि त्याच उन्हातल्या निळ्याचे थर दिले. या वेळी ओघळ आला नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी मी खाली आले तेव्हा बाई दारात तयार उभ्या होत्या, पांढऱ्या साडीत, हातात केकचा खोका. आत कापसावर गाडी. आणि मी प्रथमच पाहिलं, बाईंच्या हातांना नखं होती. लांब, निळी, झेंड्याच्या निळ्याची. फक्त उजवा अंगठा कोरा होता.

"संच मोडला व्हता," त्या म्हणाल्या. "बाकीची वाया कशाला घालवायची?"

एस.टी.त त्यांनी खोका मांडीवर धरला, प्रत्येक खड्ड्याला थोडा उचलून. कंडक्टरनं विचारलं, "बड्डे का, मावशी?"

"व्हय," बाई म्हणाल्या, आणि मावशी म्हटल्याबद्दल त्याला काही बोलल्या नाहीत. तेव्हा मला कळलं की त्या घाबरल्या आहेत.

हॉलमध्ये तसंच लांब टेबल, तीच पांढरी चादर. दारापाशी एका छोट्या मेजावर गाड्या बघणं चाललं होतं. गळ्यात कार्ड, हातात भिंग. बाईंनी माझा दंड धरला. "तेच," त्या कुजबुजल्या. "विमानवाले."

त्या गृहस्थांनी बाईंना ओळखलं नाही. ओळखण्याचं कारणही नव्हतं. त्यांनी खोक्यातून गाडी बाहेर काढून घेतली आणि बघायला लागले. आधी उगीच बघितल्यासारखं, मग खुर्ची पुढे ओढून. खिडकीतून आत पाहिलं. "राइट हँड ड्राइव्ह? हा किट लेफ्ट हँडचा येतो." चिखलफ्लॅपला बोट लावलं आणि ते हसले, चांगलं हसले. मग भिंग बॉनेटवर आणलं आणि तिथंच थांबवलं.

"हा स्कूप किटमध्ये नाही. वेगळा मागवलात का? कुठल्या कंपनीचा?"

बाईंनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. आयुष्यभर इंजिनावर बोलत आल्या होत्या, पण त्यांच्यासमोर आज पहिल्यांदाच असा माणूस होता ज्याच्या तोंडावर फेसपॅक नव्हता. त्यांची निळी नखं केकच्या खोक्यावर टकटक वाजत होती. मागे रांग होती. गृहस्थांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं, "मॅडम, ही तुम्हीच बनवली आहे ना? कारण ज्यानं बनवली त्यालाच उत्तर द्यावं लागतं."

मी करंगळी मेजाच्या कडेवर टेकवली.

"त्यांनीच बनवली आहे," मी म्हटलं. माझाच आवाज मला मोठा वाटला. "आणि तो स्कूप मागवलेला नाही. ते नख आहे, सर."

"काय आहे?"

"नख. अंगठ्याचं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग बाईंनी खोका बाजूला ठेवला आणि दोन्ही हात पालथे करून गाडीच्या शेजारी मेजावर ठेवले. नऊ निळी नखं, एक कोरा अंगठा, आणि त्याच्या शेजारी, त्याच निळ्यातलं, बॉनेटवर चढलेलं दहावं.

गृहस्थांनी भिंग खाली ठेवलं. एकदा हातांकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. मग खुर्चीत मागे वळून त्यांनी हॉलमध्ये हाक मारली, "अरे, इकडे या सगळे. हे बघा काय आलंय!" रांगेतले लोक पुढे झाले, टेबलापाशी उभे असलेले धावत आले. कोणी विचारलं रंग कुठला, कोणी विचारलं एअरब्रश कुठला, आणि बाईंचा आवाज एकदम परत आला. "नवरीचा," त्या म्हणाल्या. "जुना झालेला." लोक हसले, आणि त्या सांगत सुटल्या, रिमूव्हर, खीर, गूळ, सगळं. खीर माझी आहे हेही सांगितलं, माझा दंड धरून, मला पुढे ओढून.

तोवर गृहस्थ उठले होते. त्यांनी मधल्या टेबलावरच्या दोन गाड्या सरकवल्या आणि चादरीवर मधोमध जागा केली. मग परत येऊन आमची गाडी उचलायला दोन्ही हात पुढे केले. लोक आपोआप बाजूला झाले. एवढ्या लोकांसमोर त्या नखाला धक्का लागू नये म्हणून असेल, पण गृहस्थांचे हात थोडे थरथरले.

"थांबा, सर," बाई म्हणाल्या. "आधी करंगळी टेकवा."

त्यांनी टेकवली.